दोनदा नको म्हणणारी भाषा

आमच्या घरात कुणीही कुठलीही वस्तू पहिल्या विचारण्यात घेत नसे. पणजोबा बडोदे संस्थानच्या कचेरीत कारकून होते, पण घरात त्यांच्याविषयी असं बोललं जाई की ऐकणाऱ्याला ते दिवाण वाटावेत. त्यांनी दरबारातून आणलेली एकच गोष्ट आमच्यापर्यंत पोचली, ती म्हणजे रीत. समोरच्यानं काही दिलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नको, जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. पहिल्या फेरीत घेतलं तर हावरट आणि तिसऱ्या फेरीतही नाकारलं तर माजलेला. या हिशेबात मी लहानपणी किती चॉकलेटं गमावली याची गणतीच नाही. वर्गातल्या मुली वाढदिवसाला डबा एकदाच पुढे करत आणि पुढच्या बाकाकडे सरकत. मी आपली उरलेल्या दोन फेऱ्यांची वाट बघत बसे.

हे सगळं चॉकलेटापुरतं होतं तोवर हसण्यावारी गेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला ते बाबांच्या नोकरीवर आलं.

बाबा बडोद्यातच, गोरव्याला, एका कारखान्यात टूलरूम सांभाळत, म्हणजे साचे आणि हत्यारं जिथे तयार होतात तो विभाग. बावीस वर्षं त्यांनी तो सांभाळला. परदेशी मालाला दारं उघडली तशी मालकांनी कॉम्प्युटरवर चालणारं एक मोठं मशीन मागवलं, आणि टूलरूमचं काम बघता बघता निम्म्यावर आलं. शेवटी टूलरूम बंद करायचं ठरलं. मालक गुजराती, सरळ माणूस. त्यांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "भाऊ, नवुं मशीन तमे संभाळशो?"

बाबा म्हणाले, "ना रे ना, हवे आ बधुं छोकराओने करवा दो." आता हे सगळं पोरांनाच करू द्या, असं.

मालक म्हणाले, "सारुं." पंधरा दिवसांनी निरोपाचा समारंभ झाला आणि बाबा एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"विचारलं त्यांनी नव्या मशीनवर येता का म्हणून. मी नको म्हटलं."

"मग?"

"मग काय? विचारतील परत."

त्या दिवसापासून बाबा फोनच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागले. समोर पेपर असे, पण पान उलटल्याचा आवाज फारसा येत नसे. मधूनच ते रिसीव्हर उचलून कानाला लावत, आतला सूर ऐकून समाधानानं खाली ठेवत. फोन चालू होता. दोन महिने तो व्यवस्थित चालू होता. मी मैत्रिणीशी पाच मिनिटं बोलले तरी ते घड्याळाकडे बघत. घरात एक नोकरी कमी झाली आहे, माझी अजून लागायची आहे आणि बाबा दुसऱ्या विचारण्याची वाट बघत आहेत, हे आम्हा तिघांनाही स्वच्छ दिसत होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं, कारण घरातल्या मोठ्या माणसाला असं विचारणंही रीतीत बसत नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे दोघी बहिणी राहायलाच आल्या होत्या.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट दोघांनी मिळून करायचा असे. माझा जोडीदार निजामपुऱ्यातला एक गुजराती मुलगा होता, हुशार आणि महाटवाळ. आमच्या प्रोजेक्टचा विषय ग्रंथालयाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम हा होता. सगळ्यांचाच तो असे. आमच्या विभागात पुस्तकांपेक्षा ग्रंथालयाचे प्रोग्रॅम जास्त होते. एकदा तो म्हणाला, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली, तेव्हा मी त्याला बाबांचं सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "पण काका ना म्हणाले. शेठ सारुं म्हणाले. पछी शुं? वार्ता पूरी."

"पुरी कसली? अजून दोन फेऱ्या बाकी आहेत."

"आ कोने खबर छे?"

"आम्हाला."

तो इतका हसला की लॅबमधल्या बाईंनी आम्हाला बाहेर काढलं. पायऱ्यांवर बसून त्यानं मला घरातल्या बाकीच्या रीती विचारल्या. मीही चिडलेलीच होते, एकेक रीत सांगत गेले. सांगून झाल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "आ घर नथी, आ तो लँग्वेज छे. आपणे बनावीए." आणि परीक्षा तोंडावर असताना, ग्रंथालय बाजूला ठेवून, आम्ही जगातली सर्वांत निरुपयोगी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करायला घेतली. ती समजून घेणारा मूळ प्रोग्रॅम आम्ही सी भाषेत लिहिला. नवी भाषा मात्र मराठी होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली.

नियम सगळे आमच्या घरचे. प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला खण लागतात आणि शहाण्या भाषांत प्रत्येक खणाला नाव असतं. आमच्या भाषेत नाव घ्यायला बंदी. आई बाबांचं नाव उखाण्याखेरीज घेत नाही, मग आम्ही का घ्यावं? पहिल्या खणाला म्हणायचं 'घरातले'. बाकीचे नात्यानं ओळखायचे: घरातल्यांचा धाकटा भाऊ, धाकट्या भावाची थोरली मुलगी. सहा आकड्यांच्या वर गेलं की कोण कुणाचं कोण हे आम्हालाच आठवेना, आणि एकदा तर एका खणाचं लग्न चुकून त्याच्याच चुलत बहिणीशी लागलं. (या लेखातही कुणाला नाव नाही. ती सवय तिथलीच.) धाकट्या खणानं थोरल्या खणाशी थेट बोलायचं नाही, निरोप 'आई'मार्फत जाणार. डब्यातले तांदूळ संपले असं आई म्हणत नाही, वाढले म्हणते, म्हणून शून्य लिहायचं तर 'वाढले' लिहायचं. चूक झाली तर ती कुठे झाली हे यंत्र दाखवणार नाही, पडद्यावर फक्त 'चालायचंच' येणार. आणि प्रोग्रॅम संपवताना 'येतो' म्हटल्यावर दाराशी उभं राहून निदान सात ओळी बोलायच्या, त्याशिवाय तो बंदच होणार नाही.

सर्वांत मोठा नियम अर्थातच नकोचा. यंत्राला काहीही दिलं तरी ते दोनदा नाकारणार. समजा पाच आणि सात यांची बेरीज हवी आहे. तुम्ही पाच दिलात की पडद्यावर यायचं: 'नको, कशाला.' पुन्हा पाच दिलात: 'खरंच नको, आत्ताच झालं.' तिसऱ्यांदा दिलात की: 'बरं, तुमच्या आग्रहाखातर.' मग सातासाठी पुन्हा तेच. मग निरोपांची ये-जा. शेवटी उत्तर येई, 'दहा-बारा होतील', कारण नेमकं उत्तर सांगणं म्हणजे शिष्टपणा. एवढ्या बेरजेला सव्वीस ओळी लागत. नमनालाच घडाभर तेल.

माझ्या जोडीदाराला स्वतःच्याच भाषेत एकही प्रोग्रॅम धड लिहिता आला नाही. पहिलं 'नको' आलं की तो पुढच्या ओळीवर जाई. "ना पाडी ने? तो ना," असं म्हणे आणि 'चालायचंच' बघून केस उपटे.

प्रोजेक्टसाठी त्याच्या मामानं, ज्याचं अलकापुरीत कॉम्प्युटरचं दुकान होतं, एक जुनं मशीन आम्हाला उसनं दिलं होतं. ते आमच्या घरी, दिवाणखान्यात, फोनच्या टेबलाशेजारी ठेवलेलं होतं. भाषेची नियमावली आम्ही डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली, कडेला भोकं असलेल्या कागदावर. मी ती बाबांना दिली. वरकरणी मराठी तपासायला. खरं तर त्यांनी ती वाचावी, त्यांना राग यावा आणि घरात एकदाचं भांडण व्हावं, असं मला वाटत होतं. माझ्यात समोरासमोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी अख्खी भाषा लिहून काढली होती.

बाबांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि दुपारभर वाचलं. हसले नाहीत. चिडलेही नाहीत.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण दाराशी सात ओळी पुरणार नाहीत. पाहुण्यांची तब्येत विचारायची राहते. अकरा कर."

"बाबा, ही गंमत आहे."

"असेल. पण गंमत असली तरी नीट नको का?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर बाबा कॉम्प्युटरसमोर. एका बोटानं टाइप करत होते. आठवड्याभरात त्यांनी त्या भाषेत दोनाचा पाढा लिहिला, मग तारखेवरून वार काढणारा प्रोग्रॅम लिहिला. ज्यांनी ती भाषा जन्माला घातली त्या आम्हाला तो वाचताही येईना. बाबांना एकही 'चालायचंच' येत नसे. कोण कुणाचा दीर, कुणाचा निरोप कुणाकडून जायचा, कुठे दुसऱ्यांदा नको म्हणायचं, हे त्यांना शिकावं लागलंच नाही. माझा जोडीदार थक्क झाला. "काका, तमे तो जीनियस छो," तो म्हणाला. "छे, छे," बाबा म्हणाले आणि वाट बघत राहिले. तो दुसऱ्यांदा काही बोलला नाही.

मला वाटलं, बरं झालं, माणूस रमला. फोनकडे लक्ष कमी झालं होतं. तेवढ्यात एका संध्याकाळी मी घरी आले तर बाबा मशीनला थापट्या मारत होते.

"तुझं यंत्र अडकलंय," ते म्हणाले. "दुपारपासून हलत नाही."

मी खुर्ची ओढून प्रोग्रॅम वाचायला घेतला. छोटासाच होता, आणि या वेळी मला तो लगेच कळला. थोरला खण धाकट्याला आईमार्फत एक गोष्ट देऊ करत होता. धाकटा म्हणत होता, 'नको, कशाला.' थोरल्याला दुसऱ्यांदा विचारायची ओळ बाबांनी लिहिलेलीच नव्हती. ती ओळ त्यांच्या हातची नव्हतीच ना! ती दुसऱ्याकडून यायची होती. म्हणून तिथे यंत्र थांबलं होतं आणि पडद्यावर पांढरी रेघ उघडमीट करत होती. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं. आपण ही चेष्टा कशाला केली, असं वाटून गेलं.

"बाबा, हे अडकलेलं नाही," मी म्हटलं. "वाट बघतंय."

"किती वेळ बघेल?"

"वीज जाईपर्यंत."

बाबा रेघेकडे बघत राहिले. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला, आणि त्यावरून आईचा. "अहो, दोन महिने झाले."

एवढंच. पण आमच्या घराच्या मानानं ती आरडाओरड होती.

सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "गोरव्याला जाऊन येऊ. सहज." मला का नेलं हे मी विचारलं नाही. एकट्यानं गेलं की काहीतरी मागायला आल्यासारखं दिसतं, मुलीला कारखाना दाखवायला आणलं की ती भेट होते, एवढी रीत मलाही येत होती.

मालकांनी उठून स्वागत केलं. चहा मागवला. बाबा नको म्हणाले. मालक म्हणाले, "होय कांई?" म्हणजे, असं कुठे असतं का. बाबा पुन्हा नको म्हणाले. मालकांनी कपच त्यांच्या हातात दिला, वर गाठिये मागवले, कच्च्या पपईचा परतलेला कीस, म्हणजे संभारा, मागवला, माझ्यापुढे बशी सरकवत, "ले बेटा, ले," असं चारदा म्हणाले. बाबांचा चेहरा उजळला. आग्रह तर ढीगभर होता! आता गाडी आपोआप मुद्द्यावर येणार, अशा थाटात ते मागे टेकून बसले. पण मालक गाठियांवरून नव्या मशीनच्या सुट्या भागांवर गेले, तिथून आपल्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून पावसावर. अर्धा तास झाला. चहाचा दुसरा कप झाला. नोकरीचं नावही निघालं नाही.

बाबा उठले. "येतो," म्हणाले.

मग दाराशी बोलणं सुरू झालं. गुडघ्याला कुठलं तेल चांगलं, रस्ता कुठे खणलाय, माझी परीक्षा कधी. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात ओळी मोजत होते. सात झाल्या. नऊ झाल्या. मला रडू यायला लागलं. आता अकरावी संपली की आम्ही बाहेर, आणि मग पुन्हा ती खुर्ची आणि तो फोन. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी दाराची कडी धरली आणि तिच्याकडेच बघत म्हणाले, "मारे काम जोईए छे." मला काम हवंय.

मालक म्हणाले, "तो बोलता केम नथी, भाऊ? में तो पूछ्युं'तुं!"

"एक ज वार पूछ्युं'तुं," बाबा म्हणाले. एकदाच विचारलंत, अशी लहान मुलानं तक्रार करावी तसे.

मालकांनी आमच्या दोघांकडे बघितलं. टेबलावरचे गाठिये अजून संपलेले नव्हते. "जमवामां आग्रह होय, भाऊ," ते म्हणाले. "काममां आग्रह न होय. काममां आग्रह करीए तो माणसने थाय के शेठ फसाया छे." जेवायला आग्रह करायचा असतो, कामाला केला की माणसाला वाटतं, मालक अडलाय. बाबांनी हे ऐकलं आणि मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला असणार. समोरच्या माणसाचीही एक रीत होती, आणि ती आमच्याइतकीच नीट होती.

नव्या मशीनची जागा महिन्यापूर्वी गेली होती. सुरतेहून आलेल्या एका तरुणाला दिली होती. "पण त्याला बटणं कळतात, लोखंड नाही कळत," अशा अर्थाचं मालक म्हणाले. सकाळच्या वेळात येऊन त्याच्याशेजारी बसाल का, कुठला माल पास करायचा, कुठला नाही, हे त्याला शिकवाल का? बाबांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "हो," म्हणाले, मराठीत. बावीस वर्षांचा विभागप्रमुख आता पंचविशीतल्या मुलाच्या बाजूच्या स्टुलावर बसणार होता. दोन महिन्यांपूर्वीचा एक 'हो' वाचवण्यासाठी एवढी किंमत पडली. मला आनंद झाला आणि संतापही आला.

परत येताना रेल्वेच्या पुलाशी बाबांनी स्कूटर हळू केली. "मी मागितलं हे आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "त्यांनी परत बोलावलं असं सांग."

आम्ही घरी पोचलो तर दाराला कुलूप. साडेबारा वाजले होते. किल्ली माझ्याकडे होती. आत जाऊन आम्ही पाणी प्यायलो आणि बसलो. आई तीन वाजता आली, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. मी पढवल्याप्रमाणे सांगितलं की मालकांनी बाबांना पुन्हा बोलावलं.

"हो?" आई बाबांकडे बघत म्हणाली. बाबा पेपर बघत होते. "बरं झालं बाई. मग मीही सांगून टाकते. मी गेला महिनाभर बालवाडीत शिकवायला जातेय. बारा ते तीन."

रोज दुपारी ती घरात नसते हे मला माहीत होतं. बाबा तर तिथेच बसलेले असत. भाजीला गेली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. महिनाभर रोज तीन तास भाजी. त्यातले कित्येक तास बाबा आणि मी वाद घालत होतो की निरोप पोचवणाऱ्या 'आई'च्या खणात आकडा ठेवता यावा की नाही.

"तुला कुणी बोलावलं?" बाबांनी विचारलं.

"बोलवायला कशाला हवं? मी गेले आणि विचारलं, जागा आहे का. त्या बाई म्हणाल्या, आहे. उद्यापासून या."

"आणि तू काय म्हणालीस?"

"येते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

आईनं पिशवी खुंटीला अडकवली. तिच्या बोटांना खडू लागलेला होता, तो तिनं पदराला पुसला. "तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. "एकदा तरी?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी उगाचच कॉम्प्युटरवरचं कापड सारखं करायला लागले. बाबांनी पेपराची घडी केली, ती टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "मुलं किती आहेत?"

"बत्तीस," आई म्हणाली, आणि पाय दुमडून जमिनीवर बसली. पहिल्या रांगेतला एकजण रोज दप्तरात मांजराचं पिल्लू घेऊन येतो, तिथून तिनं सुरुवात केली.